सद्यस्थिती : बंद

बोरटेक, ता. कन्नड
९ एप्रिल २०२५

प्रिय संघपाल,

सप्रेम जयभीम.

फोन केला की तू "हो ताई, साहेब समोर आहेत" म्हणतोस आणि ठेवतोस. तुमच्या कचेरीत तोंडी बोललेल्याला किंमत नसते, हे तूच मला सांगितलंस. म्हणून आता सरळ कागदावर उतरले. केंद्राच्या टपालाच्या पिशवीत टाकतेय, तूही तसंच उत्तर पाठव.

आमच्या आरोग्य केंद्राची गाडी नेली. सोमवारी सकाळी दोन माणसं आली, हातात आदेश. "नादुरुस्त वाहन जमा करणे." आमचा ड्रायव्हर बद्रीनाथ गाडी पुसत होता. तो म्हणाला, "अहो, कालच पेशंट सोडून आलो की हिच्यात!" त्यांनी ऐकलं नाही. किल्ली मागितली, गाडी सुरू केली आणि चालवत घेऊन गेले. नादुरुस्त गाडी चालवत नेली, संघपाल! मी दारात उभी राहून बघत होते.

बदल्यात नवी पांढरी विजेची गाडी आली आहे. गाडी देखणी आहे, खोटं कशाला बोलू. धूर नाही, डिझेलचा वास नाही, अडलेल्या बाईला आत मळमळत नाही. पण ती भरायची कशावर? आमच्या केंद्राला वीजजोडणी आहे ती चार पंखे, दिवे आणि लसींच्या फ्रिजपुरती. गाडी लावली की बटण खाली पडतं आणि फ्रिजही थांबतो. जोडणी वाढवायचा अर्ज दिलाय. उत्तर आलं की ऊर्जा बचत मोहीम सुरू असताना भार वाढवण्याचं प्रयोजन कळवा. आता काय कळवू? शिवाय सकाळी सहा ते दुपारी दोन वीजच नसते.

मला नवी गाडी नको असं नाही. तिची सोय होईपर्यंत जुनी जवळ असू दे, एवढंच मागतेय. कारण सांगते. तीन किलोमीटरवरच्या वस्तीवर आवडाबाईंची सून आहे, संस्कृती. वीस वर्षांची पोर. गेल्या वर्षी सातव्या महिन्यात मूल गेलं. आता पुन्हा दिवस आहेत, मे अखेरची तारीख. रक्तदाब वाढायला लागलाय. हिचं बाळंतपण बोरटेकला करता येणार नाही, शहरातच न्यावं लागेल. तालुक्याहून गाडी मागवली तर यायलाच दीड तास.

तू त्याच ऊर्जा बचत कक्षात बसतोस. आमच्या धडधाकट गाडीला नादुरुस्त कुणी केलं ते शोध.

रूपाला आशीर्वाद. चिमीचा पापा.

तुझी,
निशाताई

०

छत्रपती संभाजीनगर
१६ एप्रिल २०२५

ति. ताईस,

जयभीम. पत्र मिळालं. जयंतीच्या मिरवणुकीत चिमी माझ्या खांद्यावर झोपून गेली, रूपा म्हणाली आत्याची आठवण काढत होती.

गाडी मी पाहून आलो. कचेरीच्या मागच्या आवारात इतर तीस-बत्तीस गाड्यांच्या रांगेत उभी आहे. खिडकीला बद्रीनाथनं लावलेला निळा पडदा अजून तसाच. नादुरुस्त यादीतल्या सगळ्या गाड्या भंगारवाला तेरा मे रोजी उचलणार आहे, तसा करार झालाय.

यादीचं म्हणशील तर केंद्रांकडून जी माहिती आली तीच यादीत गेली आहे. मार्चमध्ये सर्व केंद्रांना प्रपत्र पाठवलं होतं, दिवे, पंखे, कूलर, वाहन, प्रत्येकापुढे "सद्यस्थिती" असा रकाना. बोरटेकचं प्रपत्र कुणी भरलं हे तपासून घे. केंद्राकडून लेखी आलं की माहिती चुकीची दिली गेली होती, तर साहेब शुद्धिपत्र काढतील आणि गाडी राखीव म्हणून परत मिळेल. साहेब माणूस वाईट नाही. पण चूक कुणाची ते कागदावर आल्याशिवाय ते पेन उचलत नाहीत.

वेळ आहे. काळजी करू नकोस.

तुझा,
संघपाल

०

बोरटेक
१९ एप्रिल

संघपाल,

केंद्राकडून, केंद्राकडून काय लावलंयस? केंद्र म्हणजे कोण, भिंती? मार्चमध्ये आमचे डॉक्टर महिनाभर प्रशिक्षणाला होते. प्रपत्र कुणी भरलं मला माहीत नाही. असल्या कागदांचे गठ्ठे येतात, जो मोकळा असेल तो भरतो. तुमच्याकडंच काहीतरी घोळ झाला असेल, तिथं शोध. माझं नर्सचं कंत्राट तीस जूनला संपतं हे विसरू नकोस. या वर्षी कुणाला ठेवायचं, कुणाला नाही, यावर आधीच कुजबुज चालू आहे. नको ते कागद मी कशाला देऊ?

काल नवी गाडी अर्धीच भरलेली होती. एका म्हाताऱ्याला उन्हाचा झटका आला. बद्रीनाथनं आतलं गारव्याचं यंत्र थांबवून, खिडक्या उघडून, हळूहळू नेऊन पोचवलं. परत येताना वीज मिळेना म्हणून देवगाव रंगारीला एका गिरणीवाल्याच्या दारात चार तास गाडी लावून बसला. मला म्हणतो, "बाई, गाडी लई गुणी हाय, पण उपाशी ठेवल्यावर ती तरी काय करंल?"

आमचा कूलरही परवा घेऊन गेले. तोही नादुरुस्त म्हणे! बाळंतिणीच्या खोलीत दुपारी उभं राहवत नाही. ओली चादर खिडकीला लावते, तासात कडक होते.

संस्कृती तपासणीला आली होती. पायाला सूज आहे. मी तिला बजावलंय, चोवीस मेला शहरात मामाकडं जाऊन राहायचं, कळा सुरू व्हायची वाट बघायची नाही. ती हसली. म्हणाली, "बाई, या वर्षी नाव आधीच ठरवून ठेवलंय." कोणतं ते मात्र सांगेना.

निशाताई

०

छत्रपती संभाजीनगर
२६ एप्रिल २०२५

ताई,

तू रागावशील, पण लिहितो. मी मूळ प्रपत्र काढून पाहिलं. त्यात असं आहे :

व्हरांड्यातले दिवे – बंद. कूलर – बंद. गाडी – बंद.

अक्षर कुणाचं ते मला विचारू नकोस. पाटीवर मला मुळाक्षरं तूच गिरवायला लावलीस. तुझा "ब" अजूनही पोट फुगवून बसतो.

ताई, एका ओळीचा कागद दे. "बंद म्हणजे उभी, बिघडलेली नव्हे, असे अभिप्रेत होते." तुला खुलासा विचारतील, पण आपण नीट उत्तर तयार करू. मी मसुदा करून देतो. माझ्याकडून जे होईल ते सगळं करतोय, यावर विश्वास ठेव.

संघपाल

०

बोरटेक
३० एप्रिल

संघपाल,

हो, मीच भरलं. मागच्या पत्रात खोटं लिहिलं. तुझ्याशी खोटं बोलायची माझी ही पहिलीच वेळ आणि तीही पकडली गेली.

पण मी काय समजून लिहिलं ते तरी ऐक. वर मोठ्या अक्षरात छापलं होतं, "वीज व इंधन बचत प्रपत्र". खाली सूचना होती, उपकरणे व वाहने विनाकारण चालू ठेवू नयेत. मला वाटलं आम्ही किती काटकसर करतो ते विचारतायत. मी मोठ्या ऐटीत लिहिलं : दिवे बंद. कूलर बंद. गाडी बंद. म्हणजे पेशंट नसला की आमची गाडी इंजिन बंद करून झाडाखाली उभी असते, नुसती घरघरत नाही. मला तर वाटलं शाबासकीचं पत्र येईल. दुकान दुपारी बंद असतं म्हणून ते कुणी पाडतं का रे?

आणि माझा शब्द "बंद" होता. मी "नादुरुस्त" कुठं लिहिलं? "बंद"चं "नादुरुस्त" कुणीतरी तुमच्या कक्षात केलंय. त्या माणसाला शोध. त्यानं कबूल केलं तर माझ्या कंत्राटाला धक्का लागणार नाही आणि गाडीही मिळेल. त्याला म्हणावं, भल्या माणसा, एक फोन करून विचारायचं होतंस. त्याला माझ्यासमोर उभाच कर एकदा.

संस्कृतीचा रक्तदाब आज एकशे पन्नासवर होता. गोळ्या सुरू केल्या. मी वर काही दाखवलं नाही. उत्तर ताबडतोब दे.

निशाताई

०

बोरटेक
८ मे

माझ्या बाळा,

आठ दिवस झाले, तुझं उत्तर नाही. फोन केला तर रूपा उचलते आणि म्हणते, जेवत नाहीत, बोलत नाहीत.

कळलं मला. तुमच्या कक्षात टाइप करायला बसतो तो एकच माणूस आहे. हे मला आधी का सुचलं नाही? मी त्या माणसाला काय काय बोलले मागच्या पत्रात!

आता नीट ऐक. तू काही लिहून द्यायचं नाहीस. तू एजन्सीकडून लागलेला, एका शब्दानं काढून टाकतील. चिमीला आत्ताच शाळेत घातलंय. मी एकटी आहे, मला कुठंही दवाखान्यात काम मिळेल. आज मी डॉक्टरांच्या मार्फत, माझ्या सहीनं खुलासा पाठवतेय : "वाहन नादुरुस्त आहे अशा गैरसमजातून केंद्राकडून चुकीची नोंद झाली. टंकलेखकाने आमच्या नोंदीचा योग्य तोच अर्थ घेतला. चूक सर्वस्वी माझी." बद्रीनाथ उद्या स्वतः एसटीनं येऊन साहेबांच्या टेबलावर ठेवेल.

तू फक्त गाडी परत पाठव. मुकाट्यानं माझं ऐक, लहानपणी ऐकायचास तसं.

तुझी ताई

०

छत्रपती संभाजीनगर
८ मे २०२५

ताई,

तू ज्याला शोधायला सांगितलंस तो मीच.

संगणकावर तीनच पर्याय होते : चालू, नादुरुस्त, निर्लेखित म्हणजे नोंदीतूनच काढून टाकलेलं. "बंद" नव्हतंच. दोनशेच्या वर प्रपत्रं, मार्च अखेर, साहेब दर तासाला विचारणार किती झालं. जिथं जिथं "बंद" दिसलं तिथं मी "नादुरुस्त" निवडत गेलो. बोरटेकचा कागद आला तेव्हा तुझं अक्षर दिसलं. मला बरं वाटलं, शेजारच्याला दाखवलंसुद्धा, माझ्या ताईचं अक्षर बघ म्हणून. अक्षर पाहिलं आणि शब्द वाचायचा राहिला.

तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मला समजलं होतं. तरी तुला लिहिलं, केंद्राकडून आलं तेच यादीत गेलं. तुझ्या अंगावर ढकललं. तू लिहून दिलंस की आपलं नाव न येता सगळं मिटेल असं वाटलं. कंत्राट तुझंही आहे हे ठाऊक असून. मला माझी लाज वाटते, ताई. आठवडाभर पेन हातात घेतो आणि ठेवतो.

आता बास. उद्या सकाळी मी साहेबांना लेखी देतोय : "बोरटेक केंद्राची नोंद अचूक होती. बंद म्हणजे उभी. अर्थ मी चुकीचा घेतला. केंद्रातील कर्मचाऱ्यांचा कोणताही दोष नाही." नोकरी जायची तर जाईल. शुक्रवारी शुद्धिपत्र निघालं तर तेराच्या आत गाडी सुटते. तू काहीही पाठवू नकोस.

संघपाल

०

छत्रपती संभाजीनगर
१४ मे २०२५

ताई,

तुझं पत्र मला शुक्रवारी संध्याकाळी मिळालं. माझं तुला शनिवारी मिळालं असेल.

शुक्रवारी दुपारी साहेबांच्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी होते. एकात लिहिलेलं, केंद्र चुकलं, टंकलेखक बरोबर. दुसऱ्यात, टंकलेखक चुकला, केंद्र बरोबर. खाली सह्या : निशा वाहुळ, संघपाल वाहुळ. साहेबांनी चष्मा काढला. "नातं काय?" मी सांगितलं. म्हणाले, "म्हणजे बहीणभावानं बसून ठरवलंय. यातला खरा कोणता?" मी म्हणालो, "साहेब, माझा." ते म्हणाले, "ती सही करून म्हणते तिचा. मी शुद्धिपत्रात काय लिहू? उद्या मला विचारलं तर?" त्यांनी दोन्ही कागद टाचले आणि वर शेरा मारला : परस्परविरोधी खुलासे, सखोल चौकशी करावी.

मी पाया पडलो, ताई. खरंच पडलो. एवढं म्हणालो, चौकशी होईपर्यंत गाडी तरी थांबवा. म्हणाले, मंगळवारी बघू. शनिवार, रविवार, सोमवारी पौर्णिमेची सुट्टी. पौर्णिमेला विहारात सगळे पांढरे कपडे घालून बसले होते, मी कचेरीच्या बंद फाटकासमोर उभा होतो. काय करणार होतो कोण जाणे.

मंगळवारी साहेब यायच्या आधी भंगारवाला आला. बाकी गाड्या क्रेननं उचलल्या. आपली त्यानं किल्ली फिरवून पाहिली. पहिल्या फेरीत सुरू झाली. तो हसला. म्हणाला, "ये तो मस्त है यार," आणि चालवत घेऊन गेला. मी फाटकापर्यंत मागं पळालो. सांगणार काय होतो त्याला? कागद तर त्याच्याकडं होता.

मला कामावरून तूर्त थांबवलंय. त्याचं काही नाही. संस्कृतीला आजच्या आज शहरात आण. चोवीस तारखेची वाट बघू नकोस. मामाचं घर नसेल तर आमच्याकडं आण, रूपा आणि मी गच्चीवर झोपू. कसंही कर पण आण.

संघपाल

०

बोरटेक
२७ मे

संघपाल,

तुझं पत्र मला एकोणीस तारखेला संध्याकाळी मिळालं. टपालाची पिशवी चार दिवस तालुक्याला पडून होती. तू फोनही केलास, पण तेरापासून अठरापर्यंत इथला टॉवर बंद होता. वीज नाही तर टॉवर कसा चालणार?

एकोणीसला सकाळी नऊ वाजता तिला मोटारसायकलवर मध्ये बसवून आणलं. कळा सुरू झालेल्या, डोकं दुखतंय म्हणत होती, डोळ्यांपुढं अंधारी येतेय म्हणत होती. रक्तदाब एकशे ऐंशी. इंजेक्शन दिलं. वीज सहापासून गेलेली. गाडीत बावीस टक्के. तालुक्याची गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन निघालेली. मी म्हणाले, चला, कसाबखेड्यापर्यंत तरी जाऊ, पुढं काहीतरी मिळेल.

बद्रीनाथनं आतला गारवा बंद ठेवला, दहा किलोमीटर जास्त जाईल म्हणून. पत्रा तापलेला. मी तिच्या तोंडावर ओला रुमाल धरत होते आणि एक डोळा त्या आकड्यावर. नऊ. सात. चार. कसाबखेड्याच्या अलीकडं गाडी थांबली. बद्रीनाथ रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा राहिला. कांद्याचा टेम्पो थांबला, जीप थांबली, तोवर पाऊण तास उन्हात गेला. जीपमध्ये तिला झटके आले. माझ्या मांडीवर डोकं होतं. दवाखान्याच्या फाटकात शिरलो तेव्हा तिचा श्वास थांबलेला होता. डॉक्टरांनी पोट उघडून मूल काढलं. मुलगी आहे. आठ दिवस काचेच्या पेटीत होती. आता जगेल म्हणतात.

नाव काय ठरवलं होतं ते कुणालाच माहीत नाही.

काल मी आवडाबाईंकडं गेले. त्यांनी मला पाणी दिलं, चहा ठेवला. वरून मलाच समजावतायत, "गाडी बंद पडली त्याला कोन काय करणार, बाई? तुमी संगं व्हता, मांडीवर घेतलं पोरीला, लई झालं." संघपाल, मला तो चहा पिववेना. मी सांगून टाकलं. जुनी गाडी चांगली होती, मी एक शब्द लिहिला, माझ्या भावानं दुसरा केला, मग आम्ही दोघं एकमेकांपासून लपवत बसलो आणि शेवटी दोघंही एकाच दिवशी कबूल झालो. सगळं सांगितलं.

त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग विचारलं, "जुनी गाडी पोचली असती?"

मी म्हणाले, "पोचली असती."

"तुमच्या भावाला लेकरं हायती?"

"एक मुलगी. चार वर्षांची."

त्या म्हणाल्या, "मंग त्याला नका सांगू, बाई, ही पोर गेली म्हनून. आपल्या लेकीला जवळ घेता यायचं नाय त्याला."

जिची सून गेली ती तुझी काळजी करत होती. मला वाटलं, तिचं ऐकावं. आजचा दिवसभर तेच घोकत होते, तुला लिहायचं नाही, तुला लिहायचं नाही. पण मी पुन्हा एकदा तुझ्यापासून काही लपवायचं आणि त्याला माया म्हणायचं, हे आता माझ्यानं होणार नाही. एकोणीस एप्रिलपासून आठ मेपर्यंत आपण तेच करत होतो. तेव्हा एक कागद गेला असता, तुझा किंवा माझा, कुणाचाही एकच, तर ती आज माहेरी बाळंतीण म्हणून निजली असती.

चौकशीची नोटीस आली आहे. दोघांनाही एकच प्रश्न, चूक कुणाची. काय लिहायचं ते तू ठरव, मी त्यावर सही करते.

आणि रविवारी पहिल्या एसटीनं ये. मुलीला त्या दिवशी घरी आणणार आहेत. आवडाबाईंसमोर तुला जाऊन बसायचंय, त्या काही बोलल्या नाहीत तरी. मी बरोबर असेन. आपण एकमेकांना फार जपलं, संघपाल. तिला जपायचं राहून गेलं.

तुझी,
ताई